गोडी विहीर शोधणारे सर

आमच्या सरांच्या खोलीत समुद्र जमिनीवर अंथरलेला असे. अमरावतीतल्या एका कॉलेजच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ही खोली होती. कडेने चार-पाच संगणक आणि मधल्या सगळ्या जागेत कोकण किनाऱ्याचा भला मोठा नकाशा. दाराबाहेर चपला काढायच्या आणि अरबी समुद्रात पाऊल टाकायचं, अशी तिथली रीत होती. समुद्रावर कुठेही चाला, बसा, चहा प्या, सरांची हरकत नसे. मात्र किनाऱ्याच्या रेघेवर कुणाचा पाय पडलेला त्यांना चालत नसे. मी पहिल्याच दिवशी संगणकाची वायर लावायला वाकले, तेव्हा पाठीमागून शांत आवाज आला.

"पोरी, अलिबागावर उभी हायस तू. सरक जराशी, लोकायले त्रास होऊन राहिला."

मला वाटलं, सर गंमत करत आहेत. वळून पाहिलं तर ते समुद्रात मांडी घालून बसले होते. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा तसाच होता, आणि मी बाजूला होण्याची ते खरोखरच वाट पाहत होते. मी सरकले. अजूनही नकाशातल्या एखाद्या गावावर बोट ठेवताना मला क्षणभर अवघडल्यासारखं होतं.

जहाजांतून सांडणारं तेल, टाक्या धुतलेलं पाणी, समुद्रात टाकून दिलेली घाण, यांपासून किनाऱ्याच्या कोणत्या तुकड्याला किती धोका आहे ते आधीच मोजून ठेवायचं, हे आमचं काम. जहाजं कुठून जातात, कोणत्या महिन्यात वारा कुठून कुठे वाहतो, तेल सांडलं तर कोणत्या खाडीत शिरेल आणि तिथे काय काय मरेल, हे सगळं मांडून प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. आकडा मोठा असला की जहाजांना तिथून लांब ठेवायचं. तरुणपणी सर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. लाटा आणि वारा यांतच त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे वडील आजारी पडले म्हणून ते वऱ्हाडात परतले, कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि समुद्र सोबत घेऊन आले.

स्टाफरूममध्ये याची चेष्टा चाले. एकदा माझ्यासमोरच एक प्राध्यापक त्यांना म्हणाले, "काय सर, बंदर कोठी काढता मंग? बडनेऱ्याले का मूर्तिजापूरले?"

सर म्हणाले, "डाक्टर काय पेशंटच्या पोटात राहून इलाज करते?"

"पन पेशंट दिसला तं पाहिजे ना बाप्पा."

"तुमाले तुमचे पोरं वर्गात रोज दिसते. काय फरक पडला त्यायच्यात?"

त्यानंतर ते प्राध्यापक बराच वेळ पेपर वाचत बसले.

तेल पाण्यावर कसं वाहतं, हे सर वडाळीच्या तलावावर शिकवत. पावसाळ्यात तलाव भरून पाणी सांडव्याकडे ओढ घेऊ लागलं की आम्हाला घेऊन जात. पिशवीत संत्री आणि ज्वारीच्या लाह्या. दोन्ही एकाच जागी पाण्यात टाकायचं आणि बघत बसायचं. संत्रं जवळजवळ सगळं पाण्याखाली राहतं, म्हणून ते पाण्याच्या ओढीबरोबर जातं. लाह्या वरच्यावर तरंगतात, त्यांना वारा नेईल तिकडे त्या जातात. बघता बघता दोघांच्या वाटा फुटत.

"तेल ह्या दोघायच्या मधातलं हाय," सर सांगत. "पान्याचं लय आयकते, वाऱ्याचं थोडकं आयकते. पन ते थोडकंच त्याले लोकायच्या दारात नेते."

फिरायला आलेली माणसं थांबून बघत. कुणी म्हणे, पूजा आहे का. सर त्यांनाही तेवढ्याच मन लावून समजावून सांगत. एका भाजीवाल्याला त्यांनी मोसमी वारे समजावले होते, आणि तो गाडी ढकलत निघून गेला तरी सर त्याच्यासोबत कोपऱ्यापर्यंत बोलत गेले होते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आम्ही बौद्ध, घरची जमीन नव्हती, आईवडील दोघेही दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. गावच्या शाळेत शिकले, कॉलेजला काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेले आणि एम.एस्सी. होऊन सरांकडे मुलाखतीला आले, तेव्हा मला इंग्रजीची इतकी धास्ती होती की मी उत्तरं पाठ करून आले होते. सरांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तुह्या गावात गोडी विहीर कोठी हाय?"

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जमिनीखालचं पाणी खारट. गावात विहिरी पुष्कळ असतात, पण पिण्याजोगी एखादीच. मी सांगितलं, "मारुतीच्या देवळामागे आहे, सर. आता नळ आलेत, पण नळाला पाणी नसलं की सगळं गाव तिथेच येतं."

"त्या विहिरीत डिझेलचा डबा सांडला तं?"

"गावाला पाणी राहणार नाही."

"अन् खाऱ्या विहिरीत सांडला तं?"

मी विचार करून म्हटलं, "फारसं कुणाला कळणारही नाही."

"झाली तुही मुलाखत," सर म्हणाले. "डबा दोन्हीकडं सारकाच सांडते. आपलं काम एवढंच, किनाऱ्यावरची गोडी विहीर शोधाची. मंग जहाजाचं पाहू."

जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने सरांना हे काम दिलं होतं. तिच्याच पैशातून मला पगार मिळे. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा तो पहिला पैसा. धाकट्या भावाचं कॉलेज त्यावर चालू होतं. सरांना हे ठाऊक होतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण पगाराला उशीर झाला की कंपनीला स्वतः फोन लावत आणि माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू आवाजात, फार कडक बोलत.

सरांची एक अट मात्र आम्हा सगळ्यांना भारी जाई. कोणताही अहवाल तयार झाला की बाहेर जाण्याआधी तो वऱ्हाडीत वाचून दाखवायचा. तोही सरांना नाही, त्यांच्या आक्काला. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. ती अकोल्याला राहायची. रविवारी सकाळी आम्ही बसने अकोल्याला जात असू. आक्का समोर तूर नाहीतर अंबाडीची भाजी निवडायला घेऊन बसे आणि आम्ही इंग्रजी अहवाल उघडून त्यातली वाक्यं आमच्या बोलीत सांगत असू. जे वाक्य वऱ्हाडीत सांगता येत नाही ते खोटं असतं किंवा आपल्याला समजलेलं नसतं, असं सरांचं मत होतं. आक्का काही शिकलेली नव्हती आणि तिला समुद्राचं कौतुकही नव्हतं. कंटाळा आला की ती बसल्या जागी डुलकी घेई. मग सर हळूच म्हणत, "आक्का झोपली. हा भाग पुन्हा लिव्हा."

अशाच एका रविवारी मी नवा अहवाल वाचत होते. एका खाडीच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याचा तो होता. त्या खाडीच्या तोंडाशी एक मोठा सपाट पट्टा होता, त्याचा आकडा सरांनी पूर्वीच्या एका अहवालात ठरवून दिलेला होता. मी तो तसाच उचलला होता. इंग्रजीत लिहिलं होतं की हे क्षेत्र क्षारयुक्त, पडीक आणि अनुत्पादक असल्याने संवेदनशीलता कमी. मी ते वऱ्हाडीत सांगितलं.

"हे रान खारं हाय. काई पिकत नाई त्याच्यात. तेथं काई झालं तरी कोनाचं काई जात नाई."

आक्काचे हात भाजीत थांबले. ती हसून सरांना म्हणाली, "पाय रे, बाबाच बोलल्यावानी वाटलं. आपल्या नदीकडच्या रानाले बाबा असंच म्हनत."

सर हसले नाहीत. मला म्हणाले, "पुन्हा वाच."

मी वाचलं.

"कोनं लिवलं हे?"

"तुम्हीच, सर. आधीच्या अहवालातलं आहे."

सर उठून खिडकीपाशी गेले. पहिला अहवाल केला त्या वेळी आक्काला वाचून दाखवायची रीत नव्हती, आणि त्या पट्ट्यावर प्रत्यक्ष जाणंही झालं नव्हतं. उपग्रहाच्या चित्रावरून आकडा दिला होता. चित्रात पट्टा राखाडी-पांढरा दिसत होता, झाड नाही, घर नाही, बांध नाही. आमच्याकडे पूर्णेकाठची खारपड जमीन उन्हाळ्यात हुबेहूब अशीच दिसते. पाण्यावर काय होतं ते सरांना तोंडपाठ होतं. किनाऱ्याकडे मात्र, त्या एका जागी, ते पूर्णेकाठच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघून बसले होते. मुंबईचा माणूस ही चूक करूच शकला नसता, कारण त्याला खारं रान माहीतच नसतं.

आणि त्या आकड्यावर पुढे बरंच उभं राहिलं होतं. एका जहाजातून दुसऱ्या जहाजात इंधन भरायची जागा कंपनीने त्याच खाडीच्या तोंडाशी धरली होती. सरकारी समितीची मंजुरीही मिळाली होती. काम सुरू व्हायचं तेवढं बाकी होतं.

खिडकीपाशी उभ्या उभ्याच सरांनी मला विचारलं, "तुमच्या घरी काय म्हनत होते वं अशा रानाले?"

मी थोडी घाबरत सांगितलं, "आमच्या घरी त्याला पडीक नव्हते म्हणत, सर. आमच्या बकऱ्या तिथेच चरायच्या. बाभळीच्या शेंगा तिथल्याच. आई जळण तिथूनच आणायची."

सर खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे सातबाऱ्यावर पडीक. ज्याचा सातबारा नाई त्याले तेच शेत."

आक्काने जेवायला वाढलं, पण त्या दिवशी सर ताटावर बसले आणि नुसतेच भाकरीकडे बघत राहिले. "खाऊन घे," आक्का म्हणाली. "चूक पळून नाई जाऊन राहिली कोठी."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं त्या खाडीवर गेलो. सकाळी ओहोटी होती. पाणी दूर गेलं होतं आणि समोर तो राखाडी पट्टा उघडा पडला होता. काठच्या बांधावरून बघितलं तर खरंच काही नव्हतं. सरांनी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि सरळ चिखलात उतरले. मी मागे. दहा-बारा पावलं गेलो नाही तोच चिखल हलू लागला. बारीक खेकडे बिळांत पळत होते. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारे मासे, आमच्या पायांपुढून सटकत होते. पलीकडे पक्ष्यांचा एवढा मोठा थवा चोची मारत होता की ती जमीनच सरकते आहे असं मला वाटलं. आणि त्या सगळ्यामध्ये बायका. कमरेत वाकलेल्या, हाताने चिखल उकरून तिसऱ्यांचे शिंपले काढणाऱ्या, टोपल्या ओढत नेणाऱ्या.

सर जागीच उभे राहिले आणि हळूहळू आत रुतू लागले. जवळची एक बाई न वळताच म्हणाली, "आजोबा, उभं राहू नका. चालत राहा. उभा राहिला तो गेला आत."

दुसरी हसली. "अगं, साहेब असतील कोणतरी. फोटो काढायला आलेत."

"फोटो काढायला आधी बाहेर तर निघू देत."

त्या दोघींनी सरांना दंडाला धरून ओढून काढलं. सरांचा एक बूट चिखलातच राहिला. त्यांनी तो मागितला नाही. श्वास घेत त्यांनी विचारलं, "बाई, शेती हाय का तुमची कोठी?"

"हीच की," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

सरांनी मूठभर चिखल उचलला, वास घेतला, बोटांनी पसरला. त्यात इवलेसे शिंपले वळवळत होते. त्यांनी तो चिखल परत जिथून उचलला तिथेच, हळू, ठेवला. परत बांधावर येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "एक जहाज फुटू दे येथं. वाऱ्याले फक्त अर्धा दिवस पाहिजे."

मुंबईला कंपनीच्या ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा समोरचा अधिकारी तरुण आणि फार सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मंजुरी झालेली आहे. त्या आकड्यावर कुणी हरकत घेतलेली नाही."

"मी घेऊन राहिलो ना," सर म्हणाले. मुंबईतही ते वऱ्हाडीतच बोलत.

"पण अहवाल तुमचाच आहे."

"म्हनूनच."

अधिकारी थोडा वेळ पेनशी खेळला. "आपण असं करू. शेवटच्या पानावर एक पुरवणी टीप टाकू. पुढच्या वेळी फेरविचार करावा, अशी. तुमचंही नाव राहील, आमचंही काम अडणार नाही."

"विहिरीत डबा सांडल्यावर टीप कोन वाचते, साहेब?"

अधिकाऱ्याला विहिरीचं काही कळलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही स्वतःच्या सहीचा अहवाल चुकीचा म्हणालात, तर तुमचे बाकीचे अहवालही लोक उघडतील. हे लक्षात घ्या. आणि अशा परिस्थितीत आम्हाला पुढचं काम तुमच्याकडे ठेवणं अवघड जाईल."

"उघडू द्या," सर म्हणाले. "अजून एखादी चूक निंघाली तं बरंच होईन."

मी शेजारी बसले होते. मला भावाचं कॉलेज आठवत होतं, आणि तरीही, खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. शाळेपासून मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. आपण चुकलो हे कुणी पकडलेलं नसताना, ज्याच्यावर पोट आहे त्याच्या टेबलासमोर बसून ते सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. देवळासमोरून जाताना लोक आपोआप आवाज खाली आणतात, तसं काहीतरी मला होत होतं.

अमरावतीला परतल्यावर सरांनी समितीला पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. माझा आधीचा आकडा चुकीचा होता, मी जागा न पाहता तो दिला, आता पाहिली आहे, नवा आकडा असा असा आहे, आणि मंजुरीचा पुन्हा विचार व्हावा. मी म्हटलं, "सर, मीही सही करते. प्रत्यक्ष पाहणीत मी सोबत होते."

"नाई."

"का, सर?"

"चूक माही हाय. तिच्यात वाटा नको मांगू." मग जरा थांबून म्हणाले, "तुह्या घरी महिन्याचा पगार एकटा तुहाच हाय. तुले अजून लय ठिकानी सह्या कराच्या हायत."

कंपनीने काम काढून घेतलं. कॉलेजलाही खोली परत हवी होती. आम्ही नकाशा गुंडाळला तेव्हा सरांनी समुद्राकडून सुरुवात करायला लावली, किनाऱ्याला घडी पडू नये म्हणून. त्यांच्या बाकीच्या अहवालांची खरोखरच तपासणी झाली. स्टाफरूममध्ये लोक म्हणू लागले की सरांचा गणिताचा हात गेला. बडनेऱ्याच्या बंदराची चेष्टा करणारे प्राध्यापक मात्र एक दिवस आपण होऊन सरांसाठी चहा घेऊन आले आणि समोर बसले. सरांनी त्या सगळ्या महिन्यांत आपल्या कामासाठी कुणाकडे शब्द टाकला नाही. माझ्यासाठी मात्र ओळखीच्या प्रत्येकाला लिहिलं. आज मी किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यात हेच काम करते, ते त्या लिहिण्यामुळे.

नोकरीचं पत्र आल्यावर मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले, त्याच दिवशी समितीचा निर्णय कळला. इंधन भरायची जागा खाडीच्या तोंडापासून हलवून दूर, खोल पाण्यात नेली होती. सरांनी ते दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला. मला राहवेना.

"सर, त्या गावच्या सरपंचांचा नंबर आहे माझ्याकडे. त्या बायकांना कळवू या का?"

"काय कळवतं?"

"हेच, की तुम्ही केवढं..."

"काई नको कळवू," सर म्हणाले. "ज्या किनाऱ्यावर आपलं नाव मालूम पडते ना पोरी, तेथं तेल पोचलेलं असते."

मी फोन पिशवीत ठेवला. भरती-ओहोटीच्या वेळा तेव्हा मला पाठ होत्या. तिकडे त्या वेळी पाणी उतरू लागलं असेल. बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरत असतील, एकमेकींना चिडवत, हसत, वाकत, आणि त्यांच्यातल्या एकीलाही आम्ही कोण ते ठाऊक नसेल.